नेत्राचं ऐकणाऱ्या खोलीचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, फणसाच्या लाकडाचा. हेदवीच्या काशीराम सुतारांनी मला घडवलं. रंधा मारून झाला की ते माझ्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "ह्याला वाळवी लागायची नाय." रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात मला बसवलं. येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे. पुढे काचेचे दरवाजे आले आणि मी मागच्या पडवीत भिंतीला टेकून राहिलो. अंगावर कोळिष्टकं झाली, एक बिजागरी गंजून तुटली. मला कुणी विचारेना.

मग दर्शना मॅडम, मनाच्या डॉक्टर, दवाखान्यात आल्या आणि माझे दिवस पालटले. मनाने थकलेल्या मुलांशी त्या बोलतात. "काचेतून सगळं दिसतं. मला हाच दरवाजा हवा," म्हणून त्यांनी मला आपल्या खोलीला बसवून घेतलं.

एकदा रघू आणि गुणवंती आपल्या लेकीला, नेत्राला, घेऊन आले. रघू मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. दहावीतल्या नेत्राची झोप उडाली होती, जेवण सुटलं होतं, शाळा बंद होती. मॅडम तिला विचारत आणि उत्तर रघू देत.

"काय नाय, मोबाईलचे चाळे. हिला मुंबईला आत्याकडे धाडणार. गोळ्याबिळ्या नकोत, उद्या हिचं लग्न जमायचं हाय."

नेत्रा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"रघूदादा, थोडा वेळ बाहेर बसाल?" मॅडम म्हणाल्या.

"मी बाप हाय तिचा. माझ्यापासून काय लपवायचं?"

"बाप आहात, म्हणून तर उपचाराला सही तुमचीच लागेल. पण त्रास तिला होतोय. तो तिच्या तोंडून ऐकायला नको? ती सांगेल ते माझ्यापाशी राहील. तिच्या जिवाला धोका वाटला, तर मात्र मी लपवणार नाही. नेत्रा, हे तुलाही सांगते."

रघू उठले, पण उंबऱ्यावरच अडले. एक पाय आत, एक बाहेर. मला मिटता येईना. गुणवंतीने त्यांचा हात धरला. "चला ओ. बोलू दे तिला."

पाय निघाला. मी अलगद मिटलो.

पुढचं मी तुम्हाला सांगतोय, कारण आता नेत्राच ते मैत्रिणींना मोकळेपणाने सांगते. एरवी मी अवाक्षर काढलं नसतं.

नेत्राने बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडली. मग म्हणाली, "बाबा दर्यात गेले की माझा श्वास कोंडतो. मागच्या वादळात त्यांची बोट वेळेत परतली नव्हती, तेव्हापासून. पण दर्यावर जाणाऱ्या माणसासमोर असं अभद्र बोलायचं नसतं. त्यांच्यासमोर कसं सांगू?" आणि ती हमसून रडली.

"हे बाबांना कळावं असं वाटतं तुला? नको असेल तर मी सांगणार नाही."

नेत्राने डोळे पुसले. "मीच सांगते." तिने स्वतः माझी कडी काढली.

रघूंनी सगळं ऐकलं. ते तिच्या शेजारी येऊन बसले. "दर्याचं बोलणं निघालं की तू उठून जायचीस. मला वाटलं, तुला आपल्या धंद्याची लाज वाटते. म्हणून मुंबईला धाडत होतो."

"मला नाय जायचं, बाबा. मला इथंच राहून बरं व्हायचंय."

रघूंनी मॅडमकडे पाहिलं. "सही कुठं करू?"

नेत्रा लगेच बरी झाली नाही. गोळ्या काही महिने चालल्या. वारा सुटला की अजूनही तिची छाती धडधडते, पण आता ती आईला सांगते. रघू किनाऱ्याजवळ आले की आधी तिलाच फोन लावतात. ती आत मॅडमशी बोलत असली की बाहेरच्या बाकावर बसून "आज काय बोलली गो ती?" असं गुणवंतीला हळूच विचारतात आणि तिची बोलणी खातात!

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला अधूनमधून तेलाचा हात पुरतो. मनाला मात्र कुणीतरी विचारावं लागतं. आत काही दुखत असेल तर विश्वासाच्या माणसाला सांगा, लाजू नका. आणि उद्या तुम्ही आईबाप झालात की मुलांवर भरपूर माया करा. फक्त त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाच देऊ द्या.