फेब्रुवारीतला क्लिअरन्स

सुभेदार सयाजी फौजेतून रिटायर होऊन साताऱ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर रेक्टर झाला, त्याला आता अकरा वर्षं झाली. पेन्शन होती, मेढ्याला शेत होतं. सुखानं घरी बसायचं सोडून एकशेचाळीस पोरांची उस्तवार करायला कुणी सांगितलं होतं म्हणता? हौस! ती हौस आता पुरती फिटली होती. गुडघे बोलायला लागले होते. पंखा वाजतो म्हणून पोरं येत, नळ गळतो म्हणून येत, आणि कॉलेज दर महिन्याला एक नवा फॉर्म पाठवी. मागच्या महिन्यात ताणतणावावर व्याख्यान झालं. वक्ते तासभर उशिरा आले, निम्मी पोरं मागच्या दारानं पसार झाली, उरलेल्यांचा फोटो काढून वर पाठवला. झालं, पोरांचा ताण गेला! जाताना त्यांनी नोटीस बोर्डावर एक हेल्पलाइनचा कागद चिकटवला, तो कुणी वाचला असेल तर शपथ.

होस्टेलवर क्लिअरन्सची पद्धत सयाजीनंच फौजेतून आणली होती. वर्ष संपलं की गादी, बादली, कपाटाची किल्ली, लायब्ररीची पुस्तकं जमा करायची, प्रत्येकाची सही घ्यायची, शेवटची सही रेक्टरची. मग गेटबाहेर पाऊल. मे महिन्यात पोरं किल्ल्या हरवून आणि बादल्या फोडून बोंबलत येत, आणि सयाजी त्यांचा उद्धार करी.

तर फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी थर्ड इयरचा वीरधवल क्लिअरन्सचा कागद घेऊन आला. उंब्रजचा पोरगा, बाप बाळासो फौजेतलाच हवालदार, आता ऊस करतो. कागदावर सगळ्या सह्या. गादी झटकून जमा, बादली घासून जमा. सयाजीला भरून आलं.

"शाब्बास रं गड्या! मे महिन्याचं काम फेब्रुवारीत! शेवटी फौजीचं रक्त हाय."

त्यानं झोकात सही ठोकली. पोरगा तिथंच उभा राहिला.

"आणि काय पायजे?"

"काय न्हाई, काका," म्हणाला आणि गेला.

अकरा वाजता सयाजी मेसमध्ये चहाला बसला. मेस चालवणारे पीरमहंमदभाई समोर येऊन टेकले. त्यांच्या हातात एक घड्याळ होतं.

"सुभेदारसाब, हे वीरधवलनं दिलं. म्हणला, तुमच्या पोराला, अजीमला द्या, मला आता लागत न्हाई. वर म्हणतोय, चाचा, जेवणावरनं कवा बोललो असंल तर माफ करा. आता पोरगा कवा बोलला मला? एका वक्ताला चपाती बी मागून घेत न्हाई त्यो."

सयाजीनं चहाचा कप बाजूला सारला. त्यानं बाळासोला फोन लावला. वीरधवल घरी येणार आहे का?

"छ्या! सोमवारपासनं परीक्षा हाय म्हणला. का वो?"

"फोन जवळ ठेवा," एवढंच बोलून सयाजी उठला.

अरे देवा, काय करून बसलो मी! माणूस क्लिअरन्स घेतो तो जायचं असतं म्हणून. हा घरी जात नाही, दुसरीकडे बदली नाही, मग चालला कुठं? हा सवाल एखाद्या रंगरूटानंही विचारला असता. सुभेदारानं शाबासकी दिली. त्याच्या प्लाटूनमध्ये अर्जुना म्हणून एक लान्सनायक होता. त्यानंही एका सकाळी सगळी किट चकचकीत करून परत केली होती, आणि सयाजीनं त्याचंही कौतुक केलं होतं. त्यानंतरची सकाळ अर्जुनानं पाहिली नाही. बावीस वर्षं हे सयाजीनं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"भाई, माझ्याबरोबर चला," तो म्हणाला, आणि दोघं जिना चढले. तीन मजले. प्रत्येक पायरीला गुडघा शिव्या देत होता.

दार लोटलेलं होतं. वीरधवल नुसत्या लोखंडी कॉटवर बसला होता. सयाजी हाश्शहुश्श करत शेजारी बसला. विचारायचं कसं? जीव देण्याचं नाव काढलं की पोरांच्या डोक्यात ते भरतं, असं सगळेच सांगतात. पण न विचारून काय झालं, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"वीरधवल, सरळ इचारतो. जीव द्यायचं मनात हाय का तुझ्या?"

पीरमहंमदभाई दारातच खाली बसले.

"व्हय," पोरगा म्हणाला. "काका, मी सही घ्यायला आलो न्हवतो. मला वाटलं, तुमी तरी इचारशीला, का चाललास म्हणून. तुमी शाब्बास म्हणलासा."

सयाजीच्या थोबाडीत आजवर कुणी मारली नव्हती. ती आज बसली.

"चुकलो रं," तो म्हणाला. "लय मोठी चूक झाली माझी. आता इचारतो. का चाललास?"

मग पोरगा तुटक तुटक बोलला. दोन विषय राहिले होते, घरी सांगितलं नव्हतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. चार महिने धड झोप नाही, कशाची चव नाही. सकाळी दात घासायचे म्हटलं तरी डोंगर चढल्यासारखं वाटतं. आपण नसलो तर सगळ्यांना मोकळं वाटेल, असं सारखं मनात येतं. सयाजीनं मध्ये तोंड घातलं नाही. आमच्या काळी असलं नव्हतं, हे वाक्य जिभेवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. असलं सगळं होतं, कोण बोलत नव्हतं एवढंच.

पुढं काय करायचं ते त्याला कळेना. त्यानं भाईंना खाली पाठवून बोर्डावरचा तो कागद आणवला आणि १४४१६ हा नंबर फिरवला. पलीकडच्या बाईंना म्हणाला, "मॅडम, मी सुभेदार. मला ह्यातलं काय कळत न्हाई. तुमी सांगा, तसं करतो." बाईंनी शांतपणे सांगितलं. क्षणभरही एकटं सोडू नका. धोक्याचं काही जवळ ठेवू नका. घरच्यांना बोलवा आणि आजच डॉक्टरांकडे न्या. मग त्या वीरधवलशीही बोलल्या.

"आप्पांना सांगू नका, काका. पाया पडतो."

"न्हाई लेका. ह्ये वचन मी देणार न्हाई. तू माझ्यावर चीड, बोलू नगंस, चालंल मला."

सयाजीचा फोन गेला आणि बाळासो दीड तासात मिळेल त्या गाडीनं आला. पायात शेतातला चिखल तसाच. सयाजीनं त्याला जिन्यातच अडवून सगळं सांगितलं, आपल्या सहीसकट, आणि बजावलं, "ओरडू नका. परीक्षेचं नाव काढू नका." बाळासो आत येऊन पोराच्या समोर फरशीवर बसला. पोरगं मान वर करीना.

"तू तीन वर्साचा हुतास," बाळासो म्हणाला. "मी फौजेतनं आलो तवा. रानात एकटाच बसायचो. तुला जसं झालंय, तसंच. तुझ्या आईला बी म्हाईत न्हाई."

वीरधवलनं पहिल्यांदा बापाकडं पाहिलं.

"मग बरं कवा झालं, आप्पा?"

आत्तापर्यंत ताठ असलेला बाळासो ढेपाळल्यासारखा पोराच्या गुडघ्यावर हात टेकून बसला.

"कुणाला दाखवलंच न्हाई रं. एकट्यानंच वडत आलो."

भाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, आधी पोरगा प्याला, मग बाप. सयाजी उठला. रिक्षा खाली येऊन उभी होती. त्यानं नंबर लावायला डॉक्टरांकडे फोन केला, पलीकडून पेशंटचं नाव विचारत होते.

बाळासोनं सयाजीची बाही धरली. अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "सुभेदार, दोघांची नावं लावता येतात का?"