अस्सल सोनामुखीची बरणी

“माणूस खोटं बोलेल, पान कधीच खोटं बोलत नाही,” असे जाहीर करून हरिहर वर्तकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पान काहीच बोलले नाही. खालचा आरसा उजेडाकडे फिरवायचा राहिला होता. शेजारी उभ्या असलेल्या नवख्या मदतनीस नीलिमाने तो हळूच फिरवला.

“हं. आता बोलतंय,” वर्तक म्हणाले.

पिंपरीच्या त्या औषध कारखान्यात वर्तक अकरा वर्षे तपासणीप्रमुख होते. पोट साफ करणाऱ्या चूर्णासाठी येणारी सोनामुखीची पाने तेच पास-नापास करत. सोनामुखीत तिच्याच कुळातल्या तरवडीची पाने मिसळली, तर वाळल्यावर नुसत्या डोळ्यांना कळत नाहीत. भिंगाखाली मात्र फरक दिसतो. तरवडीच्या पानावर लांब केसांची गर्दी, सोनामुखीवर आखूड आणि तुरळक. हल्ली भेसळ फार वाढली आहे, असे वर्तकांचे मत होते. त्यासाठी ते स्वतःच्या पोटाचा दाखला देत.

“दोन वर्षं झाली, पानात पूर्वीचा गुण म्हणून उरला नाही.”

दाराशी चाकणचे मारुतराव उभे होते. त्यांची पोती याआधी दोनदा परत गेली होती. तिसऱ्यांदा गेली, की पुरवठादारांच्या यादीतून नाव कटणार होते.

“समदं चाकण कांदा लावतंय, साहेब. आमी गुजरातेतनं बी आणून तुमचं पान लावलं. आता पोती घेऊन माघारी गेलो, तर भावकी वेशीपासनं घरापत्तुर हसत येईल.”

“नमुन्याशी जुळत नाही, मारुतराव. मी काय करू?”

वर्तकांनी फळीवरच्या बरणीकडे बोट केले. बरणीवरच्या चिठ्ठीत त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘अस्सल सोनामुखी. प्रमाण नमुना. १९६८.’

नीलिमाला नोकरीला लागून पाच महिने झाले होते. सहाव्या महिन्यात तिला कायम करण्याच्या कागदावर वर्तकांची सही व्हायची होती. तिने मारुतरावांच्या आणि बरणीतल्या पानाच्या काचा पुन्हा भिंगाखाली पाहिल्या, पुस्तकातली आकृती उघडून शेजारी ठेवली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

“सर, मारुतरावांचं पान आकृतीशी जुळतंय.”

“मग?”

“बरणीतलं जुळत नाही. त्याच्यावर लांब केस आहेत. दाट.”

वर्तकांनी पाहिले. या वेळी आरसा नीट होता.

“बरणी मी स्वतः भरलेली आहे, बाई.”

कोपऱ्यात काचेच्या नळ्या विसळणाऱ्या कोंडीराम शिपायाने नळ बंद केला.

“साहेब, ती पानं कवाच संपली. तुमी रोज सकाळी चिमूट चिमूट घेऊन उकळायचा. बरणीचा तळ दिसाया लागला. पाहणीवाले आले तर तुमालाच बोलतील, म्हणून मग मी भरत गेलो.”

“कुठून?”

“मागल्या कुंपणावरनं. वाळवून, निवडून. काडीसुदिक ठेवली न्हाई.”

मारुतराव खिडकीतून कुंपणाकडे बघत, कुणालाच न सांगितल्यासारखे म्हणाले, “तरवडीला आमच्याकडं शेळीबी तोंड लावत न्हाई.”

वर्तकांनी चष्मा पुसला. दोन वर्षांत पास केलेल्या मालाची नोंदवही नीलिमाच्या कोपराखाली होती. ती त्यांनी ओढून घेतली, न उघडता कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. मग बरणीवरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. मारुतरावांच्या कागदावर ‘पास’ लिहून सही केली आणि कागद सहीसाठी नीलिमापुढे सरकवला. त्या रकान्यात आजवर एकच सही होत असे.

मारुतराव पोती उतरवायला निघाले. वर्तक त्यांच्यामागे दारापर्यंत गेले.

“त्यातली मूठभर पानं वेगळी बांधून द्या.”

“बरणीसाठी?”

“बरणीचं उद्या बघू,” वर्तक दबक्या आवाजात म्हणाले. “मला घरी न्यायचीत.”