टाकीवरचा हात

दाजींचा हात म्हणजे काय चीज होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला खरंच वाटायचं नाही.

खोदकामाचं बारकं यंत्र असतं, ज्याला सगळे मिनी म्हणतात. तिच्या अंगात एक तेलाची टाकी असते आणि त्या तेलाच्या जोरावरच तिचा दांडा उचलतो, बकेट वळते, सगळं होतं. तेल प्रमाणाबाहेर तापलं की पातळ होतं, यंत्राचा जोर जातो, सील गळायला लागतात आणि एकदा का पंप गेला की मालकानं डोक्याला हात लावून बसायचं. म्हणून तेलाच्या तापावर नजर ठेवावी लागते. बाकीची माणसं त्यासाठी काटा बघतात. दाजी टाकीवर हात ठेवायचे. उजवा तळवा पत्र्यावर सपाट टेकवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. ‘चालू दे.’ ‘जरा दम घेऊ दे तिला.’ नाहीतर, ‘बंद कर बाबा, बंद कर.’ आणि हा निकाल कधी चुकला नव्हता. शेजारच्या कामांवरचे चालकसुद्धा हाक मारायचे, ‘दाजी, आमचीच्या अंगाला जरा हात लावून बघा हो.’ खरं तर दाजी त्यांना एकटा मेहुणा म्हणायचा. पण त्याचं ऐकून ऐकून सगळी दुनिया दाजी म्हणायला लागली, त्यात त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही आली.

या हाताभोवती एक रीतही तयार झाली होती. दाजींनी टाकीवर हात ठेवला की त्यांच्यामागून दुसऱ्यानं ठेवायचा नाही. ठेवणं म्हणजे त्यांच्या तोंडावर ‘तुमचा भरवसा नाही’ असं म्हणणं. ही रीत कुणी घालून दिली नव्हती, पण कुणी मोडतही नव्हतं. लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या रीतीनंच केला.

मिनी दोघांच्या भागीदारीतली होती. दाजी सीटवर बसायचे आणि मेहुणा चरात उतरायचा. डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून, बकेटच्या अगदी खाली उभा राहून तो पाईप जागेवर बसवायचा. दाजींनी लिव्हर केसभर ढकलला तर बकेट वीतभर हलायची, एवढा तो नाजूक मामला. धंदा सुरू केला त्या दिवशी दाजींची बायको, म्हणजे मेहुण्याची ताई, यंत्रासमोर उभी राहून म्हणाली होती, “अहो, माझा भाऊ तुमच्या हातात देतेय. एकच आहे हं, दुसरा नाही.”

“तुझ्या भावाला काय होतंय? चांगला रेड्यासारखा आहे,” असं म्हणून दाजींनी ते हसण्यावारी नेलं होतं. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. लिव्हरला हात लावताना ते रोज आठवायचं.

मागच्या उन्हाळ्यात मिनीचं एक सील फुटलं. मेहुणा मूळचा फिटर, त्याला चैन पडेना. त्यानं कुठून तरी ताप दाखवणारा काटा आणला, त्याची तार टाकीत सोडली, तबकडी सीटसमोर बसवली आणि वर एक भोंगाही लावला. काटा लाल पट्ट्यात गेला की भोंग्यानं कोकलायचं. दाजींना ते इतकं झोंबलं की काही दिवस त्यांनी मेहुण्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

“बरं केलंत मेहुणेबुवा,” एकदा न राहवून ते म्हणाले. “आता त्या काट्यालाच बसवा सीटवर. मी घरी बसून शेंगा सोलतो.”

“दाजी, काटा आपला सोबतीला. तुम्ही काय चोवीस तास टाकीला चिकटून बसणार आहात?”

“मी चिकटत नाही. मी हात लावतो आणि मला कळतं.”

“कळतं हो. कोण नाही म्हणतंय?” मेहुणा हात जोडून म्हणाला, आणि विषय तिथंच मिटला.

मिटला म्हणजे दाजींपुरता मिटला. त्या काट्याकडे ते बघायचेच नाहीत. आणि एक सांगायला हवं, दाजी हल्ली जरा चिडचिडे झाले होते. सदऱ्याची बटणं लवकर लागायची नाहीत, की म्हणायचे शिंप्यानं काजंच लहान ठेवलीत. पायातली चप्पल निसटून मागे रस्त्यात राहायची आणि दाजी पुढे निघून जायचे. मग चपलेचा पट्टा सैल. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण तयार असायचं आणि ते नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी माथी मारलेलं असायचं.

आता त्या दिवसाचं. काम एका अरुंद गल्लीत होतं, दोन्ही बाजूंना घरं आणि मधून सांडपाण्याचा पाईप टाकायचा. मोठं यंत्र आत शिरेना, म्हणून तर मिनीला बोलावलेलं. चर घरांच्या दारांसमोरूनच जात होता, त्यामुळे लोक फळीवरून ये-जा करत होते आणि जाता येता तोंडाचा पट्टा सोडत होते. कोपऱ्यावर दगड कापायचा कारखाना. त्याची पांढरी धूळ दिवसभर गल्लीत उडत होती.

सकाळीच एक गोष्ट घडली. मेहुणा चरात वाकला होता आणि बकेट खाली येता येता त्याच्या हेल्मेटला घासून गेली. टक्क आवाज झाला.

“डोकं जागेवर आहे दाजी,” मेहुणा खालून ओरडला. “आत काही नव्हतंच, त्यामुळे नुकसान नाही.”

सगळे हसले. दाजीही हसले. पण त्यांना वाटत होतं की आपण लिव्हर केसभरच ढकलला होता. मग बकेट एवढी कशी आली? बकेटच्या सांध्यातल्या पिना झिजल्या असणार, त्यांनी ठरवलं. संध्याकाळी मेहुण्याला सांगायचं, पिना बदल म्हणून.

ऊन चढलं तशी मिनी सुस्तावली. दांडा कण्हत कण्हत उचलायचा, बकेट मातीत रुतून बसायची. आणि मग काटा लाल पट्ट्यात शिरला आणि भोंग्यानं गळा काढला. दारादारांतून माणसं बाहेर आली.

दाजी खाली उतरले. टाकीवर तळवा टेकवला, डोळे मिटले. बराच वेळ उभे राहिले.

“कोमट आहे,” ते म्हणाले.

मेहुणा चरातून वर आला. त्यानं काट्याकडे बघितलं, दाजींकडे बघितलं. त्याचा हात अर्धा टाकीकडे गेलाही होता. पण दाजींच्या मागून टाकीला हात लावायचा? गल्लीतल्या लोकांसमोर? त्यानं तोच हात डोक्यामागे नेऊन मान खाजवली.

“मग सेन्सर गेला असणार,” तो म्हणाला. “स्वस्तातला माल. चूक माझी.”

आणि त्या गाढवानं पक्कड काढून भोंग्याची तार तोडून टाकली. स्वतः बसवलेली, स्वतःच्या हातानं. मायेपोटी माणूस काय काय करतो बघा. दाजींना मात्र इतकं बरं वाटलं, काय सांगू! बऱ्याच महिन्यांनी त्यांनी मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली आणि मिनी पुन्हा सुरू केली.

जेवणाच्या वेळेला ताई डबा घेऊन आली. मिनी घरांच्या सावलीत होती, तिथंच तिघंही बसले. जेवण झाल्यावर तिनं थर्मासमधला चहा स्टीलच्या पेल्यांत ओतला. चहा वाफाळता. भावाला पेला देताना तिनं तो पदरात धरला, भावानंही रुमालात घेतला. दाजींनी मात्र पेला सरळ मुठीत घेतला आणि मूठ मिटून तसाच धरून ठेवला. एका हातात पेला, दुसऱ्या हातानं मेहुण्याला सांगतायत की यंत्राच्या जातीला काट्याचं नाही, माणसाचं प्रेम लागतं.

ताई बघत राहिली.

“अहो, भाजत नाही?”

“काय?”

“पेला.”

“हात आहेत हे, फुलं नाहीत,” दाजी म्हणाले आणि एक घोट घेतला. जीभ अशी पोळली की डोळ्यांत पाणी आलं. “केवढा गरम केलास गं!”

ताईनं थर्मासचं झाकण लावलं. ती उठली. तिच्या मनात काय चाललंय ते कुणाला कळलं नाही. दाजींना वाटलं डबे गोळा करतेय. पण ती गेली ती थेट टाकीपाशी, आणि तिनं आपला हात टाकीवर ठेवला. ती बिचारी घरची बाई, तिला कुठली ठाऊक यंत्रावरची रीत? आणि ठाऊक असती तरी तिनं ती पाळली नसती.

“आई गं!” ती किंचाळली आणि हात झटकत मागे सरली. बोटं तोंडात घालून ती तिथंच उभी राहिली.

एवढा वेळ मिनी बंद होती, तरी ही गत. गल्लीतले दोघं-तिघं बघायला लागले. दाजींच्या हातातला पेला कलंडला.

“उन्हानं, उन्हानं,” मेहुणा घाईघाईनं म्हणाला. “ताई, पत्रा उन्हात तापतो गं. आतलं तेल कोमटच आहे. दाजींनी आत्ता हात लावून बघितलाय.”

मिनी तर सावलीत उभी होती. हे त्यालाही दिसत होतं.

“हात दाखवा,” ताई म्हणाली.

“अगं, काय लहान पोरासारखं—”

“दाखवा म्हणते ना!”

दाजींनी तळवा उघडला. काळं ग्रीस होतं, ते ताईनं पदरानं हळूच टिपलं. खालची कातडी लालभडक झाली होती आणि बोटांच्या मुळाशी टपोरे फोड उठले होते. दाजी त्यांच्याकडे बघत राहिले. दुसऱ्याच कुणाचा तरी हात बघावा तसे. ताईनं फोडाशेजारी बोट टेकवलं.

“कळतंय?”

दाजींना खोटं बोलायचं होतं. पण त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

ताईनं गल्लीतल्या एका घरातून पाण्याची बादली आणली आणि त्यांचा हात त्यात बुडवून ठेवला. रागावली नाही. नुसती हाताला धरून बसून राहिली, आणि मग एवढंच म्हणाली, “बटणं. चप्पल. मला आधीच कळायला हवं होतं. उद्या डॉक्टरकडे, आणि नाही म्हणायचं नाही.”

मेहुणा तोवर तेल गार ठेवणाऱ्या कूलरच्या जाळीपाशी गेला होता. जाळी दगडाच्या धुळीनं पार लिंपून गेली होती, वारा आत जायला जागाच नाही. त्यानं हवा मारून ती साफ केली. पांढरा ढग उडाला. मग परत येऊन दाजींसमोर उकिडवा बसला.

“झालं काम,” तो म्हणाला. “जाळी तुंबली होती. कुणाच्याही लक्षात आलं नसतं. तेल निवलं की सुरू करू. दोनच पाईप राहिलेत, दारं अडवून चर उघडा टाकता येत नाही. हाताला फडकं बांधा, डाव्या हातानं सावकाश घ्या. मी आहेच खाली.”

केवढ्या सहज म्हणाला तो! दाजींची अब्रू अलगद उचलून त्यानं जागच्या जागी ठेवून दिली. आता फक्त हो म्हणायचं होतं. काटा लाल पट्ट्याखाली आला, मेहुणा हेल्मेट चढवून चरात उतरला आणि पाईपावर वाकला. दाजी सीटवर चढून बसले. डावा हात लिव्हरवर ठेवला.

आणि त्यांना लिव्हर लागेना.

म्हणजे डोळ्यांना दिसत होता, हात त्यावर होता, पण हाताला तो आहे की नाही हे कळत नव्हतं. रोज असंच असणार. रोज असंच होतं आणि ते सवयीनं, अंदाजानं ढकलत होते. सकाळचा तो टक्क आवाज त्यांच्या कानात पुन्हा वाजला. पिना झिजल्या नव्हत्या. काजं लहान नव्हती. टाकीबद्दल खोटं सांगणारा हात लिव्हरबद्दल खरं कशाला सांगेल? खाली पिवळं हेल्मेट हलत होतं. एकच आहे, दुसरा नाही. आयुष्यात इतकी भीती दाजींना कधी वाटली नव्हती.

“वर ये,” ते म्हणाले.

“काय झालं?”

“आधी वर ये!”

मेहुणा चढून पुरता बाहेर आला, तेव्हा कुठे दाजींनी लिव्हरवरचा हात काढला. खाली उतरले. उतरताना पाय कुठे पडतोय ते प्रथमच नीट बघून उतरले. टाकीपाशी जाऊन उभे राहिले.

“हात ठेव.”

“दाजी, कशाला उगीच...”

“मी ठेवल्यावर कुणी ठेवत नाही, माहितीय मला. आवडायचं मला ते. ठेव.”

मेहुण्यानं टाकीवर हात ठेवला. दाजी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“बरी आहे,” मेहुणा म्हणाला. “सहन होतंय. काटाही तेच म्हणतोय.”

“मग बस वर.”

“मी? मला यंत्र ट्रकवर चढवण्याउतरवण्यापलीकडे काय येतं? मी बसलो तर तुमच्यासारखं जमणार आहे का?”

“माझ्यासारखं मलाही जमत नाहीये,” दाजी म्हणाले. “सकाळी तुझं डोकं वाचलं ते नशिबानं. माझ्या हातानं नाही. सावकाश चालव. मी खालून सांगतो.”

त्यांनी मेहुण्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून आपल्या डोक्यावर घातलं. ते मोठं होत होतं. हनुवटीखालचा पट्टा काही त्यांच्या बोटांना लागेना. ताई पुढे झाली आणि तिनं तो लावून दिला. यावेळी पट्टा कसा शिवलाय यावर दाजी काही बोलले नाहीत. फडकं बांधलेला हात छातीशी धरून ते फळीच्या आधारानं चरात उतरले.

मेहुणा सीटवर बसला. त्यानं किल्ली फिरवली, लिव्हर धरले आणि खाली दाजींच्या पिवळ्या डोक्याकडे बघून ते पुन्हा सोडून दिले.

ताई यंत्राच्या बाजूला येऊन उभी राहिली.

“ए,” तिनं भावाला हाक मारली. “एकच आहेत हं.”

त्यानं मान हलवली. बकेट इंच इंच करत खाली यायला लागली.

“येऊ दे,” दाजी खालून ओरडले. “अजून. अजून जरा. थांब! आणि काटा किती झालाय ते मला सांगत राहा.”