करवत बंद

आमचा कारखाना खुर्च्यांचा, पण कामाच्या जागी बसायला एकही खुर्ची नव्हती. हा काकांचा नियम. हात हलताना दिसला नाही, तर माणूस फुकटचं खातोय, असं त्यांचं ठाम मत. मी व्यवस्थापन शिकून आले, तेव्हा निव्वळ माझ्या वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी मला मॅनेजर केलं. चुलतभाऊ त्या जागेवर डोळा ठेवून होताच. एका शाळेची खुर्च्यांची ऑर्डर येत्या शनिवारी गेली नाही तर कारखाना तो बघेल, असं काकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

वर्गात शिकलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती: जिथे काम सगळ्यात हळू होतं, तिथला वेग हाच अख्ख्या कारखान्याचा वेग. आमच्याकडे ती जागा म्हणजे पॉलिशची खोली. तिथे दोघीजणी ब्रश फिरवून वाळण्याची वाट बघत बसणार, आणि बाहेर करवतीवरचे तिघे धडाधड लाकूड कापत सुटणार. पॉलिशविना पडलेल्या खुर्च्यांच्या सांगाड्यांचा ढीग छताला लागला होता. त्यातला एक ओढला की शेजारच्या दोन सांगाड्यांवर ओरखडे. मी करवत थांबवली.

सिद्धांत बरोबर होता, आणि तरी मी तोंडावर आपटले. नुसतं उभं राहायची तिघांना लाज वाटली. त्यांनी झाडू उचलले. झाडलेलीच जमीन पुन्हा झाडली, आणि सगळा भुसा उडून ओल्या पॉलिशवर जाऊन बसला.

पॉलिशवाली मावशी एक खुर्ची उचलून माझ्यासमोर आली. "हात फिरवून बघ. खुर्ची आहे का किसणी?"

"मावशी, रिकाम्या माणसांचं काय करायचं ते पुस्तकात नव्हतं."

"मग तू कशाला आहेस?"

मला झोंबलं. मी तीन तयार खुर्च्या करवतीपाशी नेऊन मांडल्या आणि तिघांना सांगितलं, "बसा. हेच काम. झाडूला हात लावायचा नाही."

"मालक बघतील," तिघांतले थोरले मिस्त्री म्हणाले.

"बघू देत."

त्यानंतर पॉलिश गुळगुळीत उतरायला लागलं आणि ढीग दिवसागणिक खाली आला. गुरुवारी काका चुलतभावाला घेऊन आत शिरले. बसलेली माणसं बघून त्यांचा पारा चढला.

"करवत चालू करा!"

तिघे ताडकन उठले. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

"करवत चालू होणार नाही, काका. आत पॉलिश ओलं आहे. भुसा उडाला तर शनिवार हातचा जाईल."

"चार पुस्तकं वाचून मला धंदा शिकवतेस?"

"करवत थांबवा, हे पुस्तकाने सांगितलं. यांना बसवलंय मी. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा."

काकांनी चुलतभावाच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासून हा बघेल कारखाना."

खोटं कशाला बोलू, ती जागा मला मनापासून हवी होती. पण त्याहून जास्त मला संताप आला होता. भिंतीपाशी जाऊन मी करवतीचा मोठा खटका खाली ओढून वीजच तोडली आणि खटक्यापुढे उभी राहिले.

"उद्यापासून ना? मग आज मीच मॅनेजर आहे. मिस्त्री, बसा."

काका मिस्त्रींकडे रोखून बघत राहिले. चुलतभाऊ खटक्याच्या दिशेने एक पाऊल पुढे आला आणि मी हलत नाही हे बघून थांबला.

मिस्त्री बसले. मग बाकीचे दोघेही बसले.