पुढची वजनं

संध्याकाळी हातपाय धुऊन उस्ताद जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला त्यांना हसू फुटलं. ठसका लागला तरी थांबेना.

उस्ताद म्हणजे आपले गॅरेजवाले. ट्रॅक्टर ओढण्याच्या शर्यतीत पाच वेळा पहिले आलेले. शर्यत समजायला सोपी आहे. ट्रॅक्टरमागे वजनांनी भरलेली घसरगाडी जोडायची आणि मातीच्या पट्टीवरून ओढत न्यायची. ट्रॅक्टर पुढे जाईल तसं गाडीवरचं वजन पुढे सरकतं, ओझं वाढत जातं. जो जास्त लांब जाईल तो जिंकला.

"अगं, ती टपालवाली आली होती," उस्ताद बायकोला सांगू लागले. "उद्या पहिल्यांदाच उतरतेय. वहीपेन घेऊन आली! म्हणे, काका, मी नवीन आहे, काय काय करायचं ते सांगा. मी म्हटलं, ट्रॅक्टरच्या तोंडाला लावलेली पुढची वजनं सगळी काढून टाक आणि क्लच एकदम सोड. तिने लिहूनसुद्धा घेतलं!"

"मग काय होईल?" बायकोने विचारलं. ती दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात सिस्टर होती.

"काय होणार! ट्रॅक्टरचं तोंड उचलतं वर, बसणाऱ्याची पाचावर धारण बसते, मैदान हसतं. नव्याची पहिल्यांदा जिरवायचीच असते."

"आणि मागे उलटला तर?"

"काहीतरीच! इतका कशाला उलटतोय?"

बायकोने भांडं खाली आदळलं. "तुमचा खांदा कशाने मोडला होता हो?"

उस्तादांचा हात आपसूक खांद्याकडे गेला.

"तुम्हालाही असंच सांगितलं होतं ना कुणीतरी? दीड महिना माझ्याच वॉर्डात होतात. त्या माणसांना तेव्हा शिव्यांची लाखोली वाहिलीत. आज तेच काम स्वतः करताय, आणि वर दात काढताय!"

"आम्ही पण असेच शिकलो..."

"कोणी शिकवलं? नशिबाने वाचलात म्हणा! आमच्याकडेही तेच. नवी मुलगी आली की जुन्या जणी तिला मुद्दाम चुकीचं कपाट दाखवतात. इंजेक्शन हवं असतं रोग्याला, आणि यांची करमणूक चाललेली! आपल्याला छळलं म्हणून पुढच्याला छळायचं, ही कुठली रीत? ती बिचारी विश्वासाने आली होती तुमच्याकडे."

"बघू उद्या," म्हणून उस्तादांनी वेळ मारून नेली.

वाचकहो, उद्या उजाडला तरी या माणसाची जीभ काही उचलत नव्हती! उस्ताद मैदानात इकडून तिकडे फिरत राहिले. त्यांचे दोन दोस्त मोबाइल सरसावून पट्टीच्या कडेला उभे होते. कशासाठी? एका बाईचा जीव धोक्यात येणार, त्याचा व्हिडिओ काढायला! शहाणीसुरती, बायकापोरं असलेली माणसं ही.

टपालवालीचा नंबर आला. मागे घसरगाडी जोडली गेली. ती मांडीवर वही ठेवून, ओठ हलवत उस्तादांचेच शब्द पुन्हा पुन्हा वाचत होती.

"थांबा! झेंडा दाखवू नका!" उस्ताद ओरडत पट्टीवर धावले. "ताई, खाली उतर. काल मी तुला खोटं सांगितलं."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम. तुझी मजा बघायला."

ती खाली उतरली. "मी रोज तुमच्या दारात पत्रं आणून टाकते, काका. तुमचं सोडून कधी दुसऱ्याचं दिलं का? गंमत म्हणून?"

काढून टाकलेली तिची वजनं घरी राहिली होती. पाच मिनिटांत लावली नाहीत तर बाद, असं झेंडेवाल्याने बजावलं. उस्ताद तडक आपल्या ट्रॅक्टरकडे गेले आणि त्याची पुढची वजनं उतरवू लागले.

"अहो, तुमचा नंबर लगेच हिच्यामागे आहे," झेंडेवाला म्हणाला. "मी थांबणार नाही हं."

"नका थांबू. मला बाद करा!"

एकेक वजन दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेताना दुखऱ्या खांद्याने त्यांचा जीव नको केला. तेव्हा एका दोस्ताने मोबाइल खिशात टाकला आणि मुकाट्याने दुसरी बाजू धरली.

"क्लच हळूहळू सोड," उस्ताद तिला सांगत होते. "तोंड उचलतंय असं वाटलं की वेग कमी कर. लाजू नकोस."

टपालवालीने कालचं पान टरकन फाडलं आणि हे सगळं नव्याने लिहून घेतलं. मग ती चढली. ट्रॅक्टर गुरगुरला, जमिनीला धरून सरळ निघाला, अर्धी पट्टी मागे टाकून पुढे गेला आणि चाकं मातीत रुतल्यावर थांबला. नववा नंबर आला.

"आभार मानणार नाही मी तुमचे," उतरल्यावर ती म्हणाली.

"मानूच नकोस."

"पण पुढच्या वेळीही विचारायला येईन. खरं सांगाल?"

"सांगेन," उस्ताद म्हणाले.

मित्रहो, तुमच्या कचेरीत, कारखान्यात, शाळेत कुणीतरी नवीन येईल आणि तुम्हालाच विचारेल, हे कसं करायचं? पहिल्या दिवशी तुमचीही कुणी जिरवली असेल, तर ते कुठे लागतं हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. मग तेच दुखणं दुसऱ्याला देताना हसू कसं येतं? विचारणाऱ्याला खरं सांगा. तुमचा छळ झाला ना? मग तो तुमच्यापाशीच संपू द्या!