आवाज स्पष्ट
पोटात दूध सोडायची नळी नाकातून न अडखळता उतरली, तेव्हा परिचारिका विडुरीला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. रुग्ण पाक दार्मो, म्हणजे दार्मोकाका, चार दिवस श्वासयंत्रावर, औषधाच्या गुंगीत. नळी चुकीच्या वाटेला लागली तरी ते खोकणार नव्हते. म्हणून नळीत पिचकारीने हवा सोडायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बुडबुडा ऐकायचा, असा या अतिदक्षता विभागाचा रिवाज. एक्स-रे नंतर, त्याचं यंत्र मोकळं झालं की.

तिने हवा सोडली. श्वासयंत्राच्या घरघरीत काहीतरी ऐकू आलं, किंवा आलं नाही.

"आला आवाज?" वरिष्ठ परिचारिका बू कुस्तिनींनी, म्हणजे कुस्तिनीबाईंनी, पलीकडच्या खाटेजवळून विचारलं.

"इंगिह," ती म्हणाली.

मोठ्यांनी काही विचारलं की जावातल्या माणसाच्या तोंडून हेच निघतं. त्याचा अर्थ 'हो'. पण नुसतं 'ऐकलं तुमचं' असाही होतो. बू कुस्तिनींनी पहिला अर्थ घेतला आणि दूध सुरू केलं.

तासाभरात ऑक्सिजन घसरला. एक्स-रेत नळी उजव्या फुप्फुसात खोलवर दिसली. ती काढताच फुप्फुसाभोवती हवा भरली. ती हवा काढायला डॉक्टरांनी बरगड्यांमधून दुसरी नळी घातली.

"फार क्वचित होतं असं," ते हात पुसत म्हणाले. "आवाज तपासला होता ना? मग दोष कुणाचा नाही."

दुपारी बू कुस्तिनींनी अहवाल पुढे केला. 'आवाज: स्पष्ट.' खाली सहीची जागा.

"बू, मला खात्री नव्हती."

"अगं, इंगिह म्हणालीस की!"

"तुम्ही विचारलंत म्हणून म्हणाले."

"म्हणजे छपरावर म्हैस चढलीय का विचारलं असतं, तरी इंगिहच?"

बू कुस्तिनींचा आवाज उतरला. "मीही तुझ्याकडे न बघताच विचारलं. सही केलीस तर इथेच मिटेल. नाहीतर दोघींची चौकशी."

विडुरीने 'स्पष्ट' खोडलं, 'खात्री नव्हती, तसं सांगितलं नाही' असं लिहिलं आणि सही केली.

"आणि पाक दार्मोंच्या बायकोला कोण सांगणार?" बू कुस्तिनींनी विचारलं.

"मीच."

व्हरांड्यात पाक दार्मोंच्या पत्नी बू सामिनेम चटईवर बसल्या होत्या. "ये गं. डॉक्टर म्हणाले, नशीबच फिरलं. तुम्ही पोरींनी तरी किती करायचं! जेवलीस?" त्यांनी भाताची पुडी ओढली, केळीच्या पानाला टोचलेली काडी काढली.

विडुरी गुडघ्यांवर बसली. "आधी ऐका. नशीब नव्हतं ते. मला आवाज नीट ऐकू आला नव्हता, आणि मी बोलले नाही. दूध फुप्फुसात गेलं."

"वाचतील?"

"माहीत नाही."

बू सामिनेमनी काडी परत पानाला टोचली, पुडी पिशवीत ठेवली.

"आत जा," त्या म्हणाल्या. "ते एकटे आहेत."