मागच्या पानावरची ओळ

इंदोऱ्यातल्या आम्हा बायांनी रचलेली गाणी मधुकररावांनी आपल्या छापखान्यात छापली आणि मागच्या पानावर आपल्याच मनानं ठोकलं: सर्व हक्क छापखान्याचे स्वाधीन. खापा गावच्या बायांनी ती गाणी हातानं उतरवून घेतली, तर मधुकरराव माझ्या दारात आले. "कोणाच्या परवानगीनं?"

गाणी आमची अन् परवानगी यांची.

मग मी म्हटलं, त्यांचे छपाईचे शिशाचे खिळे त्यांनाच लखलाभ. शाळेतलं जुनं सायक्लोस्टाइल मशीन मागून आणलं आणि मेणकागदावर सारी गाणी स्वतः कोरून प्रती काढल्या. अक्षरं वाकडी आली, पण वाचता येत होती.

मधुकररावांनी नवं पुस्तक चाळलं. "भागीरथाबाई, हे काय कोंबडीचे पाय काढून राहिल्या? अन् मागं लिहिलं, कोणीबी छापा. उद्या मीच छापून विकीन."

"विका ना, भाऊ. पण ओळ पुरी वाचा."

त्यांनी चष्मा लावला. ओळ होती: कोणीबी छापा, पण छापाल तर ही ओळबी छापा.

"मग खाप्याच्या बाया तुमच्याच पुस्तकातून उतरवतील," मी म्हटलं. "तवा कोणाच्या दारात जाल?"